श्रीमंत चिमाजीअप्पा पेशवे आणि साष्टीची देवस्थाने

॥ राम कृष्ण हरि ॥

आपल्या संप्रदायाचा नेम तसा सोपा. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गोपीचंदन, एकादशीचा उपवास, मुखी नाम आणि वर्षातून पंढरीची वारी. ज्येष्ठ सरत आला की शेतकरी पेरणीची घाई उरकतो, दशमी-दशमी मोजतो आणि खांद्यावर पताका टाकून दिंडीला मिळतो. वाटेत त्याला कोणी अडवीत नाही. टाळ वाजवू नका, मृदंग खाली ठेवा, असे कोणी दरडावीत नाही. उलट गावोगावचे लोक वेशीवर सामोरे येतात, पाय धुतात, भाकरी वाढतात. हे सारे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की ते कधी बंदही असू शकेल हे मनात येत नाही.

पण आपल्याच महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यात ते बंद होते. थोडेथोडके नव्हे, दोनशे वर्षे बंद होते. तो कोपरा म्हणजे साष्टी आणि वसई. आजच्या भाषेत सांगायचे तर अंधेरी, मालाड, बोरिवली, ठाणे, भाईंदर आणि खाडीपलीकडची वसई. त्या मुलखातील देवळांची दारे ज्यांच्या हातून पुन्हा उघडली त्या श्रीमंत चिमाजीअप्पा पेशव्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कोणी म्हणेल, वारकऱ्यांच्या मासिकात तलवारीचे चरित्र कशाला? आपला धर्म भूतदयेचा, आपले शस्त्र टाळ-चिपळ्यांचे. शंका रास्त आहे आणि ती टाळून आम्हाला पुढे जायचे नाही. अप्पा वारकरी नव्हते. ते राज्यकर्ते होते, योद्धे होते, त्यांच्या हातून माणसे मेली. तरीही हे चरित्र आपण वाचावे असे आम्हाला का वाटते, ते ओघात कळेलच.

कुळ आणि संस्कार

कोकणातील श्रीवर्धनच्या भट घराण्यात बाळाजी विश्वनाथ हे थोर पुरुष झाले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिले. त्यांच्या पत्नी राधाबाई या डुबेरे येथील बर्वे घराण्यातल्या. या दांपत्याला दोन पुत्र. वडील बाजीराव, जन्म १७०० सालचा. आणि धाकटे चिमाजी, ज्यांना सारा महाराष्ट्र अप्पा म्हणून ओळखतो.

बाळाजीपंतांचा अंत २ एप्रिल १७२० रोजी सासवडला झाला. सासवड म्हणजे कऱ्हाकाठचे क्षेत्र, सोपानदेवांनी समाधी घेतली ती भूमी. माउलींच्या पालखीबरोबर दिवेघाट चढून आलेल्या प्रत्येक वारकऱ्याला ते ठाऊक आहे. वडील गेले तेव्हा थोरला भाऊ विशीत आणि अप्पा त्याहून लहान. त्याच महिन्यात शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे दिली आणि दोघा भावांच्या जोडीने कामाला आरंभ केला.

ही जोडी कशी होती म्हणाल, तर एका बैलगाडीचे दोन बैल जसे एका जुवाखाली चालतात तशी. बाजीराव वाऱ्यासारखे, आज नर्मदेवर तर उद्या चंबळेवर. त्यांच्यामागे पैसा, धान्य, माणसे, सरदारांचे रुसवे-फुगवे, साताऱ्याच्या दरबाराची मर्जी आणि घरातील वडीलधाऱ्यांचे हवे-नको, हे सगळे अप्पा पाहात. प्रकृती मूळची नाजूक. खोकल्याने ते नेहमी हैराण असत. पण अंगात ताप असताना घोड्यावर बसण्याची त्यांना सवयच झाली होती. रणांगणावरही ते कमी नव्हते. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी माळव्यात अमझेऱ्याजवळ त्यांनी गिरिधर बहादूर आणि दया बहादूर या मोगल पक्षाच्या दोघा मातब्बर सरदारांचा पराभव केला. दोघेही त्या लढाईत पडले आणि माळव्याची वाट मराठ्यांना मोकळी झाली.

संसारात मात्र सुख थोडे. पहिली पत्नी रखमाबाई. तिच्या पोटी ऑगस्ट १७३० मध्ये सदाशिवराव झाले आणि त्याच महिन्यात ती माउली गेली. आईविना राहिलेले ते मूल आजी राधाबाईंनी वाढवले. पानिपतावर कामी आलेले भाऊसाहेब ते हेच.

राधाबाईंची एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. १७३५ साली त्या उत्तरेच्या यात्रेला निघाल्या. काशी, प्रयाग, गया अशी यात्रा करून पुढच्या वर्षी परतल्या. वाटेत राजपूत राजांनी त्यांचा सत्कार केला, आणि ज्या मोगलांशी मुलांचे युद्ध चालू होते त्यांच्या अंमलदारांनीही या म्हातारीच्या यात्रेला अडथळा केला नाही. उलट सोबत दिली. यात्रेकरूला वैरी नसतो, हा आपल्या देशाचा जुना शिरस्ता. अप्पांच्या घरात तो असा प्रत्यक्ष अनुभवाचा होता.

ब्रह्मेंद्रस्वामी आणि परशुराम

अप्पांच्या धर्मबुद्धीला वळण देणारे दुसरे स्थान म्हणजे धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी. दोघेही भाऊ त्यांना गुरुस्थानी मानीत. स्वामींचे मूळ ठिकाण चिपळूणजवळचे परशुराम. तेथील देवालय त्यांनी मोठ्या निष्ठेने नावारूपाला आणले होते. १७२७ साली जंजिरेकरांचा अंमलदार सिद्दी सात याने एका हत्तीच्या तंट्यावरून रागावून त्या क्षेत्रावर चाल केली. देवालय लुटले गेले, मोडतोड झाली, ब्राह्मणांचे हाल झाले. स्वामींचे मन इतके विटले की त्यांनी कोकण सोडले आणि साताऱ्याजवळ धावडशीस येऊन राहिले.

पुढे नऊ वर्षांनी, १९ एप्रिल १७३६ रोजी, रेवसच्या बाजूला झालेल्या लढाईत अप्पांनी सिद्दी साताला गाठले आणि तो मारला गेला. कोकणपट्टीवरची मोठी धास्ती गेली. आता उत्तर कोकणातला दुसरा प्रश्न उरला होता, तो फिरंग्यांचा.

धारावी बेट आणि गोराई

वाचकांना थोडा भूगोल सांगतो, म्हणजे पुढचे सारे नीट ध्यानात येईल. बोरिवलीहून पश्चिमेला गेले की खाडी लागते. होडीतून पलीकडे उतरले की गोराई. आज त्या बाजूला २००९ साली खुला झालेला विपश्यनेचा सोनेरी पॅगोडा दुरूनच दिसतो. गोराई ज्या बेटावर आहे त्याचे जुने नाव धारावी. मुंबईत शीव-माहीमजवळ धारावी नावाची मोठी वस्ती आहे ती ही नव्हे. या धारावी बेटावर दक्षिणेला मनोरी, मध्ये गोराई, उत्तरेला उत्तन, डोंगरी, चौक अशी गावे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी आणि उत्तरेच्या टोकाला वसईची खाडी. चौकच्या टेकडीवर उभे राहिले की समोर पाण्यापलीकडे वसईचा किल्ला दिसतो. बेटावर धारावी देवीचे ठाणे आहे, तसेच ख्रिस्ती बांधवांची जुनी प्रार्थनामंदिरेही आहेत. कोळी आणि शेतकरी अशी इथली मूळ वस्ती. एकाच मातीतली, एकच बोली बोलणारी.

हा सारा मुलूख १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहात पोर्तुगिजांना दिला. लोक त्यांना फिरंगी म्हणत. त्यांच्याबरोबर पाद्री आले. त्या काळी युरोपातच धर्माच्या नावाने मोठी झोंबाझोंबी चालली होती. राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म असला पाहिजे, अशी तिकडची समजूत. ती त्यांनी इथे आणली. देवळे पाडली गेली. उघड पूजा, उघड उत्सव, लग्न-मुंजीचे समारंभ यांना मनाई झाली. बाप मेलेले पोरके मूल पाद्र्यांच्या हवाली करण्याचे कायदे झाले. सगळा काळ सारखाच कडक होता असे नाही. अंमलदार बदलला की जाचही कमीजास्त होई. पण उत्सव करायचा तर राज्याच्या हद्दीबाहेर जाऊन, हे लोकांच्या कपाळी आले ते आलेच.

गोराईच्या समोर, खाडीच्या अलीकडच्या अंगाला बोरिवलीत मंडपेश्वराची लेणी आहेत. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे हे शिवस्थान. भिंतीवर नाचणारा शिव कोरलेला. सोळाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांनी हे लेणे ताब्यात घेतले, त्याचे प्रार्थनास्थळ केले आणि वर मोठा मठ बांधला. त्याचे भग्न अवशेष आजही लेण्याच्या माथ्यावर उभे आहेत. वसईजवळ निर्मळ हे असेच पुरातन तीर्थ. परशुरामाने विमलासुराला मारले ती ही जागा अशी कथा सांगतात, आणि एका शंकराचार्यांची समाधीही तिथे मानतात. तिथली यात्रा कार्तिक वद्य एकादशीची. वाचकहो, तिथी लक्षात आली ना? आपल्या आळंदीच्या वारीची तीच एकादशी.

आता मनाशी एक चित्र उभे करा. १६८५ च्या सुमारास तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी देहूहून पालखीचा सोहळा सुरू केला. घाटावर ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका घेऊन दिंड्या पंढरीला चालल्या आहेत, हजारो कंठांतून नामाचा गजर उठतो आहे. आणि बोरघाट उतरून दोन-तीन मजलांवर, त्याच भाषेच्या, त्याच देवाच्या लेकरांना निर्मळच्या तळ्यावर उघडपणे एकादशीचे स्नान करण्याची चोरी! एकाच एकादशीचे हे दोन मुलूख होते.

लोकांचे गाऱ्हाणे

हा जाच पुण्याला कळला तो तिथल्याच लोकांकडून. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ यांनी या कामी आयुष्य वेचले. अंजूरच्या नाईकांच्या वाड्यातील सिद्धिविनायक आजही भक्तांना माहीत आहे. मालाडचे वतनदार अंताजी रघुनाथ यांनी धर्मकृत्ये झाकून न करता उघड केली, म्हणून त्यांच्या मालमत्तेवर जप्ती आली आणि त्यांना गोव्याच्या धर्मन्यायालयाच्या बंदीत पाठवले. तिथून निसटून ते पुण्यास आले, असे सांगतात. अशा माणसांनी वर्षानुवर्षे पुण्याच्या वाऱ्या केल्या. तीही एक वारीच म्हणायची. फरक एवढाच की आपण देवाच्या भेटीला जातो, ते आपल्या देवाला सोडवा म्हणून सांगायला जात होते.

अप्पांनी त्यांचे ऐकून घेतले. लगेच उठून स्वारी केली नाही. कोणत्या खाडीला भरती केव्हा, कोणत्या बुरुजाचे काम अपुरे, किल्ल्यात शिबंदी किती, याची माहिती या स्थानिकांकडूनच गोळा केली. मग मोहीम ठरली. मार्च १७३७ मध्ये शंकराजी केशव, खंडोजी माणकर आदी मंडळी साष्टीत उतरली आणि २७ मार्च १७३७ रोजी ठाण्याचा किल्ला हाती आला. साष्टीचा बहुतेक भाग मोकळा झाला. वसई मात्र पडली नाही. पावसाळा आला, पुढे उत्तरेत भोपाळची मोहीम निघाली आणि निझामाच्या मुलाला दक्षिणेतून कुमक घेऊन जाता येऊ नये म्हणून अप्पांना खानदेशाकडे राहावे लागले. वसईचे काम अर्धे राहिले.

वसईचा वेढा

१७३८ चा पावसाळा सरला तसे अप्पा स्वतः कोकणात उतरले. जानेवारी १७३९ मध्ये केळवे-माहीम आणि तारापूर घेतले. तारापुरावर बाजी भिवराव रेठरेकर हा अप्पांचा जिवाभावाचा सरदार तटावर चढताना पडला. फेब्रुवारीत वसईला वेढा बसला.

इथे आपल्या धारावी बेटाचे महत्त्व आले. वसईला तिन्ही बाजूंनी पाणी. जमिनीवरून कितीही मोर्चे लावा, समुद्रातून गलबते येत राहिली तर किल्ला उपाशी पडत नाही. खाडीच्या तोंडावर नजर ठेवायची तर धारावीची टेकडी हवी. ती ज्याच्या हाती, त्याच्या हाती वसईचा दाणापाणी. म्हणून या टेकडीसाठी दोन्ही बाजूंनी मोठी झुंज झाली. १७३९ च्या मार्चमध्ये वेसावे आणि धारावी दोन्ही ठाणी मराठ्यांकडे आली आणि वसईच्या गळ्याभोवतीचा फास आवळला. गोराई-उत्तनच्या कोळ्यांनी तेव्हा काय पाहिले असेल? एकीकडून तोफा, दुसरीकडून तोफा, आणि मध्ये त्यांची मासळी वाळत घालायची वाळू.

वेढा तीन महिने चालला. तटाखाली सुरुंग खणायचे, आतल्यांनी ते हुडकून उधळायचे, पुन्हा खणायचे. पोर्तुगीजही हिमतीने लढले. त्यांचे मोठमोठे अधिकारी पडले. ही गोष्ट मराठ्यांनीही लपवलेली नाही. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे हे सरदार येऊन मिळाले होते. पावसाळा तोंडावर आला. अप्पांचे शरीर थकले होते. तेव्हा किल्ला हाती येत नसेल तर माझे मस्तक तरी तोफेतून आत टाका, असे निर्वाणीचे बोल त्यांनी काढले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. मे महिन्यात सुरुंगाने सेबास्तियन बुरुजाला खिंडार पडले आणि १६ मे १७३९ रोजी शरणागतीचा करार झाला. आठवड्याभरात पोर्तुगीज किल्ला सोडून गेले. २०५ वर्षांचा अंमल संपला.

पण किंमत? एकट्या वेढ्यात मराठ्यांची हजारो माणसे ठार आणि जखमी झाली. त्यांत किती शेतकरी असतील, किती माळकरीही असतील. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. अप्पांनी ब्रह्मेंद्रस्वामींना विजयाचे वर्तमान कळवले तेव्हा यश आपल्याकडे न घेता स्वामींच्या आशीर्वादाला आणि ईश्वराला दिले. जिंकणाऱ्याला ही नम्रता सहसा सुचत नाही.

विजयानंतर

आता या चरित्रातील आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग येतो. दोनशे वर्षांचा जाच, हजारोंचे रक्त, आणि शत्रू पुरता हाती आलेला. अशा वेळी सूड घेतला असता तर त्या काळच्या रीतीने कोणी नावे ठेवली नसती. अप्पांनी काय केले? करारात पोर्तुगीज सैन्याला हत्यारांनिशी, मानाने बाहेर पडण्याची मुभा दिली. बायका-मुलांना, चीजवस्तूंसह, सुखरूप जाऊ दिले. पाद्र्यांना त्यांच्या पूजेच्या वस्तू नेऊ दिल्या. आणि जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांनी आपला धर्म पाळावा, त्याला आडकाठी नाही, हेही मान्य केले. शब्द दिला आणि पाळला.

गोराई, उत्तन, मनोरी आणि वसईच्या गावांत आज जी ख्रिस्ती वस्ती नांदते आहे, तिचे मूळ या अभयात आहे हे विसरू नये. ती माणसे परकी नव्हती. फिरंग्यांच्या अमलात त्यांच्या पूर्वजांनी धर्म बदलला. कोणी धाकाने, कोणी गरजेने, कोणी मनापासून. माती तीच, कुळे तीच. त्यांना हाकलून काय साधले असते?

म्हणून सारे काही गोड झाले असेही नव्हे. किल्ल्यातील घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी नेल्या. नाशकात नारोशंकराच्या देवळावरची मोठी घंटा, भीमाशंकरची घंटा, वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा, या त्याच स्वारीतल्या. भीमाशंकराला जाणाऱ्या यात्रेकरूंनी नीट पाहावे; त्या घंटेवर येशूच्या मातेची मूर्ती आहे. ज्यांच्या त्या होत्या त्यांना दुःख झालेच असेल. जाताना अनेक प्रार्थनामंदिरे ओस पडली आणि काळाने ढासळली, हेही खरे. देऊळ मोडलेले पाहण्याचे दुःख कोणत्याही धर्माचे असो, एकच असते. आणि ज्याने ते सोसले त्याला ते दुसऱ्याचेही कळावे.

देवस्थाने पुन्हा जागी झाली

वेढ्याला जाताना अप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला, अशी परंपरेने आलेली कथा आहे. वसई हाती आली तर तुझे देऊळ बांधीन. देवीने स्वप्नात येऊन किल्ल्याचा मार्ग दाखवला, असेही भाविक सांगतात. वज्रेश्वरीची मूळ कथा अशी. वसिष्ठ ऋषींनी यज्ञ मांडला. त्यात आपल्याला भाग दिला नाही म्हणून इंद्र रागावला आणि त्याने वज्र फेकले. वसिष्ठांनी दर्भ मंत्रून समोर धरला. त्यातून देवी प्रकटली आणि तिने ते वज्र गिळून टाकले. मारायला आलेले हत्यार पोटात घालणारी ती वज्रेश्वरी! या कथेचा अर्थ वाचकांनी मनात घोळवावा. देवीचे जुने ठाणे गुंज येथे होते, ते फिरंग्यांच्या काळात मोडले गेले. विजयानंतर तानसा नदीजवळ टेकडीवर, किल्ल्यासारख्या तटाचे नवे देऊळ झाले. बावन्न पायऱ्या चढाव्या लागतात. एका पायरीवर कासव कोरलेले आहे, त्याची कूर्म म्हणून पूजा होते. नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनी बांधला. आश्विनात नवरात्र आणि चैत्राच्या शेवटी मोठी यात्रा भरते. जवळच अकलोली-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे आहेत. यात्रेकरू तिथे स्नान करून देवीला जातात.

वसईचे सरसुभेदार झालेले शंकराजी केशव यांनी निर्मळच्या क्षेत्राचा उद्धार केला. कार्तिक वद्य एकादशीची यात्रा पुन्हा भरू लागली आणि ती आजतागायत भरते. यात्रेत दर्शनाला येणाऱ्यांबरोबर दुकाने मांडणाऱ्यांत आणि हिंडणाऱ्यांत ख्रिस्ती शेजारीही असतात. निर्मळच्या यात्रेचे अप्रूप साऱ्या वसईला आहे. मंडपेश्वरात पुन्हा शिवाला पाणी पडले. पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले, साष्टीवर त्यांचा अंमल बसला आणि तिथल्या पूजेचीही उलथापालथ झाली. पण आज महाशिवरात्रीला त्या लेण्यात दर्शनाची रांग लागते, आणि जवळच ख्रिस्ती बांधवांचे प्रार्थनामंदिरही भरलेले असते. दोन्हीकडे घंटा वाजतात. भांडण कुठे आहे?

अखेर

वसईनंतर अप्पांना फार दिवस मिळाले नाहीत. घरात मस्तानीच्या प्रकरणावरून कलह चालू होता. भावावर जीव, आणि आई-घर यांचा आग्रह वेगळा. या ओढाताणीत अप्पांचे मन पोळले. त्यातच २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले. जुवाखालचा एक बैल बसला. अप्पांनी शोक गिळला, पुतण्या नानासाहेबांना साताऱ्यास नेऊन जूनमध्ये पेशवाईची वस्त्रे मिळवून दिली. स्वतःसाठी काही मागितले नाही. राज्याचा खांब होते, पण गादीवर कधी डोळा ठेवला नाही. भरताने पादुका सांभाळल्या त्या जातीचे हे बंधुप्रेम.

१७ डिसेंबर १७४० रोजी अप्पांनी देह ठेवला. वय चाळिशीच्याही आतले. दुसऱ्या पत्नी अन्नपूर्णाबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या. सतीची ती चाल त्या काळची. ती आज नाही हे बरेच झाले, आणि त्या माउलीचे स्मरण मान खाली घालूनच करावे. दहा वर्षांच्या सदाशिवरावांचे आता आई-बाप दोन्ही गेले. पुण्यात मुठेकाठी ओंकारेश्वराचे देऊळ आहे. शिवरामभट चित्राव यांनी अप्पांच्या आश्रयाने ते उभारले. तिथेच अप्पांची समाधी आहे. पुण्यात पालख्यांचा मुक्काम असतो तेव्हा शहरभर लाखो वारकरी असतात. त्यांतल्या किती जणांची पावले या समाधीकडे वळतात?

आता सुरुवातीच्या शंकेकडे येतो. वारकऱ्याने हे चरित्र का वाचावे? विजयाची फुशारकी मारायला नव्हे. संतांनी आपल्याला वैर शिकवलेले नाही, आणि अप्पांनीही किल्ला घेतल्यावर वैर चालू ठेवले नाही. वाचायचे ते दोन गोष्टींसाठी. एक, आपण निर्धास्तपणे पताका घेऊन चालतो ते चालणे कोणीतरी, कुठेतरी, फार मोल देऊन मोकळे केले आहे. ज्या हजारोंनी ते मोल दिले त्यांची नावेसुद्धा उरली नाहीत. दोन, आपली वाट मोकळी झाल्यावर दुसऱ्याची वाट अडवायची नाही. देवळाचे दार उघडणे हे अर्धे काम. शेजाऱ्याच्या देवळाचे दार बंद न करणे हे उरलेले अर्धे. अप्पांनी दोन्ही केले.

येत्या कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत इंद्रायणीकाठी उभे असाल तेव्हा क्षणभर निर्मळच्या तळ्याचे स्मरण करा. मुंबईकर भाविकांनी सवड काढून एकदा होडीने गोराईला जावे, तिथून उत्तन-चौकच्या टेकडीवर चढावे आणि खाडीपलीकडे वसईचा कोट पाहावा. चढताना वाटेत कोळणी भेटतील, गळ्यात क्रूस असलेले म्हातारे भेटतील. त्यांना रामराम करावा. तेही हसून उत्तर देतील.

॥ पुंडलिक वरदा हरि विठ्ठल ॥